जुन्नरच्या वाटांवरचा गणिती

ओझरच्या विघ्नेश्वराचे दर्शन घेऊन अष्टविनायकाची गाडी लेण्याद्रीकडे निघते, तेव्हा प्रवाशांच्या मनात पुढच्या पायऱ्यांचा विचार असतो. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर गिरिजात्मजाचे दर्शन होते. हे देऊळ मुळात डोंगरात कोरलेला बौद्ध विहार आहे. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत अशी दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. त्यांच्याकडे ठेवलेल्या दानाच्या ठेवी, दात्यांची नावे, त्यांत काही यवन दातेही, असा दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब तेथे दगडावर आहे.

विसाव्या शतकाच्या मध्याला हा हिशेब वाचत या डोंगरांत पायी हिंडणाऱ्यांमध्ये एक गणिताचा प्राध्यापक होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो नोकरीला होता, राहायला पुण्यात. त्याचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचक त्यांना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ओळखतात. त्यांनी १९४३ मध्ये मांडलेली एक गणिती कल्पना आज इंजिनातल्या ज्वाला आणि हृदयाचे आलेख समजून घेण्यासाठी वापरली जाते, आणि १९४४ मध्ये चार पानांत दिलेले एक सूत्र जगभरच्या जनुकशास्त्रज्ञांच्या रोजच्या कामात आहे, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा म्हणून ते तरुणपणी घर सोडून निघाले आणि पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे हिंडले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. १९१८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले, तेव्हा मोठी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर गेले.

पुण्यातला हा मुलगा तिथल्या शाळेत वाढला. शाळेतले गुण इतके चांगले होते की हार्वर्डची प्रवेशपरीक्षा त्याला द्यावी लागली नाही. पुढे सायबरनेटिक्सचा जनक म्हणून प्रसिद्ध झालेल्या नॉर्बर्ट वीनर याच्याशी त्याची ओळख याच गावात झाली. हार्वर्डमध्ये जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारखे गणिती त्याला शिकवायला होते. त्याने फक्त गणित करावे अशी बर्कहॉफ यांची इच्छा होती. दामोदरने मात्र अनेक विषय घेतले आणि सगळ्यांत उत्तम गुण मिळवले. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीतील पदवी घेऊन तो भारतात परतला. एका विषयाच्या कुंपणात न राहण्याच्या या सवयीने त्याला आयुष्यभर बरेच काही मिळवून दिले आणि बरेच काही गमवायलाही लावले.

परतल्यावर कोसंबी बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले. सुरुवातीच्या शोधनिबंधांपैकी एक लंबवर्तुळाकार कक्षेच्या सरकण्यावर, म्हणजे गणिती भौतिकशास्त्रातला होता. १९३१ मध्ये फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांच्या बोलावण्यावरून ते अलीगढला गेले. वेल यांच्याच सांगण्यावरून त्यांनी एक गमतीचा निबंध लिहिला आणि त्यातला सिद्धान्त बुर्बाकी नावाच्या काल्पनिक गणितज्ञाच्या नावावर खपवला. पुढे फ्रान्समधल्या गणितज्ञांच्या एका गटाने हेच टोपणनाव घेतले आणि ते जगप्रसिद्ध झाले. छापील गणितात या नावाचा पहिला उल्लेख कोसंबींच्या त्या निबंधातला आहे.

त्यानंतर ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पर्यंत तेथे राहिले. त्या काळात ना त्यांच्याभोवती मोठी संशोधनसंस्था होती, ना बरोबरीने काम करणारा गट. तरीही त्यांचे सर्वांत टिकाऊ काम याच वर्षांतले आहे. १९३३ मध्ये एका नामांकित जर्मन नियतकालिकात त्यांचा मार्गांच्या भूमितीवरचा निबंध आला. एखाद्या यंत्रणेची, मग ती ग्रहाची गती असो वा प्राण्यांच्या संख्येतले चढउतार, वाटचाल ही एक वाट मानायची. तिच्या अगदी शेजारून निघालेली दुसरी वाट पुढे तिच्याजवळ राहते की दूर जाते, हे भूमितीने पाहायचे. थोर फ्रेंच गणिती एली कार्तां यांचे टिपण त्या निबंधासोबत छापले गेले. पुढे चिनी गणिती शिंग-शेन चेर्न यांनी त्यात भर घातली. आज हा सिद्धान्त कोसंबी, कार्तां आणि चेर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो.

१९४३ चा निबंध समजायला तंबोरा उपयोगी पडेल. तंबोऱ्याची तार छेडली की एक सूर ऐकू येतो, पण त्यात मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर मिसळलेले असतात. कोणतीही गुंतागुंतीची लहर अशा साध्या लहरींत सोडवता येते, हे फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले होते. मात्र त्याच्या पद्धतीत त्या साध्या लहरींचे आकार आधीच ठरलेले असतात. कोसंबींनी प्रश्न वेगळा केला. लहर दर वेळी थोडी वेगळी येत असेल, तिच्यात अनिश्चितता असेल, तर तिच्यासाठी सगळ्यांत सोयीचे आकार कोणते? त्यांचे उत्तर असे की ते आकार बाहेरून लादू नयेत, त्या लहरींच्या नोंदींतूनच काढावेत. तसे काढले तर बहुतेक वेळा मोजके आकार जवळजवळ सगळी माहिती सांगतात आणि उरलेला पसारा बाजूला ठेवता येतो.

हा निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. तेव्हा जगभर महायुद्ध पेटले होते आणि भारतातली नियतकालिके परदेशी ग्रंथालयांत पोचणे कठीण होते. पुढच्या चारपाच वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव यांनी स्वतंत्रपणे हीच गोष्ट मांडली. पद्धत त्या दोघांच्या नावाने रूढ झाली. ती सर्वांत आधी पुण्यातून मांडली गेली होती, याची दखल पाठ्यपुस्तकांनी फार उशिरा घेतली.

ज्वलनाच्या अभ्यासात या पद्धतीचा उपयोग कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. स्वयंपाकघरातल्या गॅसची निळी ज्योत स्थिर दिसते. बर्नरमध्ये कचरा अडकला की ती पिवळी होऊन फडफडू लागते. विमानाच्या किंवा वीजनिर्मितीच्या गॅस टर्बाइनमध्ये इंधन आणि हवा प्रचंड वेगाने मिसळतात, तेथे ज्वाला कायमच फडफडत असते. ज्वालेतून उष्णता बाहेर पडते ती सारख्या प्रमाणात नाही. त्याच वेळी इंजिनाच्या पोकळीतला दाबही वरखाली होत असतो. दाब वाढलेला असतानाच जास्त उष्णता मिळाली, तर झोक्याला ऐन वेळी धक्का मिळावा तशी ही कंपने वाढत जातात. हे तत्त्व लॉर्ड रॅली यांनी १८७८ मध्ये सांगितले. कंपने हाताबाहेर गेली तर इंजिनाचे पोलादही तडकते.

ही कंपने कोठून सुरू होतात हे शोधण्यासाठी अतिवेगवान कॅमेऱ्याने ज्वालेची सेकंदाला हजारो छायाचित्रे घेतात. नुसत्या डोळ्यांना त्यांत गोंधळच दिसतो. कोसंबी, कारहुनेन आणि लोएव यांच्या पद्धतीने तीच छायाचित्रे सोडवली की ज्वालेच्या हालचालीतले मोजके मूळ आकार वेगळे होतात, आणि दाबाच्या कंपनांशी त्यांतला कोणता आकार जुळतो हे कळते. प्रक्षुब्ध प्रवाहांच्या अभ्यासात ही पद्धत अमेरिकेच्या जॉन लमली यांनी १९६७ मध्ये आणली. कोसंबींना जाऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. लमली आणि सहकाऱ्यांच्या पुढच्या ग्रंथात ही कल्पना स्वतंत्रपणे मांडणाऱ्यांमध्ये कोसंबींचेही नाव आहे.

वैद्यकालाही हीच पद्धत उपयोगी पडली. रुग्णाच्या छातीवर यंत्र बांधून चोवीस तास ईसीजी घेतला, तर एक लाखाच्या आसपास ठोके नोंदले जातात. प्रत्येक ठोक्याचा आलेख या पद्धतीने मोजक्या आकड्यांत बसवता येतो. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडू लागले की आलेखाचा ठरावीक भाग बदलतो, आणि तो बदल त्या आकड्यांत दिसतो.

जनुकांवरचा निबंध १९४४ चा. बीजपेशी तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रे जवळ येतात आणि त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके जितकी एकमेकांपासून दूर, तितकी या अदलाबदलीत त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. म्हणून ताटातुटीच्या प्रमाणावरून जनुकांमधले अंतर काढता येते. पहिला जनुकनकाशा १९१३ मध्ये असाच तयार झाला. अडचण अशी की मधल्या जागेत दोनदा अदलाबदल झाली, तर दुसरी पहिलीला झाकते. जनुके पुन्हा एकत्र दिसतात आणि अंतर खऱ्यापेक्षा कमी भरते.

१९१९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी यासाठी एक दुरुस्ती सांगितली. त्यांनी असे धरले होते की प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र असते. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की अगदी जवळ दुसरी होण्याची शक्यता कमी होते. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात धरला. जवळच्या अंतरावर तो जास्त आणि अंतर वाढेल तसा कमी, असे मानून त्यांनी सुटसुटीत सूत्र दिले. शंभरांपैकी वीस बीजपेशींत ताटातूट दिसली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर साडेपंचवीस एकक येते आणि कोसंबींच्या सूत्राने एकवीसच्या थोडे वर. नकाशा शेकडो खुणांचा असेल तर हा फरक साठत जातो. पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या घराण्यात चालत आलेल्या आजाराचे जनुक कोठे आहे, हे अशा नकाशांच्या आधारे शोधले जाते. हंटिंग्टनच्या आजाराचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे, हे १९८३ मध्ये याच तत्त्वाने कळले.

संख्याशास्त्राचा सराव त्यांनी पुस्तकांतून कमी आणि नाण्यांतून जास्त केला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एका वर्षात किती झिजते हे पाहण्यासाठी कोसंबींनी आधी चालू काळातली नाणी हजारोंच्या संख्येने तराजूवर तोलली. जुनी नाणी सरासरीने हलकी भरत आणि त्यांच्या वजनांतला आपसातला फरकही वाढत जाई. मग त्यांनी तक्षशिलेला सापडलेली आहत नाणी घेतली. या चांदीच्या तुकड्यांवर एका बाजूला राजसत्तेचे ठसे असतात आणि दुसऱ्या बाजूला वेळोवेळी नाणे पारखणाऱ्यांनी मारलेले बारीक ठसे. मागचे ठसे जितके जास्त तितके नाणे हलके, असा संबंध त्यांना सापडला. ज्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, त्यांचा क्रम लावण्याची ही वाट होती. इतिहासाकडे ते वळले ते नाण्यांच्या याच मोजणीतून.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना नव्या टाटा संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत गेले, ते नुकत्याच जन्माला येत असलेल्या संगणकयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी. भारतात या विषयाकडे इतक्या लवकर पाहणारे फार थोडे होते. परत आल्यावर डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा हा त्यांचा नित्यक्रम झाला.

याच काळात त्यांनी एस. राघवाचारी यांच्यासह भारतातल्या जन्म आणि मृत्यूंच्या नोंदी हाती घेतल्या. जन्मदराच्या ऋतुचक्रावरचा निबंध १९५१ मध्ये आला, मृत्युदरावरचा त्यानंतर काही वर्षांनी. सरकारी दप्तरात महिन्यामागून महिने साठलेले हे आकडे. जन्म आणि मृत्यू वर्षभर सारखे विखुरलेले नसतात. त्यांना ऋतूंची लय असते, आणि ती प्रदेशागणिक बदलते. कोणत्या महिन्यात कोठे मृत्यू वाढतात हे आधी माहीत असेल तर पाण्याची शुद्धी, लसीकरण, औषधांचा साठा यांची वेळ ठरवता येते. पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात साथीची तयारी होते, ती याच समजुतीवर.

लेण्यांच्या वाटाही त्यांनी अशाच मोजल्या. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर त्यांना अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारे सापडली. ती कोठे जास्त, कोठे कमी, धनगरांच्या वाटा कोणत्या, घाट कोठे उतरतात, देवीची ठाणी कोठे आहेत, हे ते एकाच नकाशावर पाहू लागले. नाणेघाटातून वर येणारा व्यापार जुन्नरला पोचत असे आणि लेणी त्याच्याच वाटेवर कोरली गेली होती. जुन्नरच्या मानमोडी डोंगराकडे त्यांचे विशेष लक्ष गेले. तिथल्या शिलालेखात डोंगराचे नाव मानमुकुड अशा रूपात येते. भिक्षू गेले, राज्ये गेली, भाषा बदलली, पण आसपासच्या माणसांच्या तोंडी ते नाव जवळजवळ तसेच राहिले. जिवंत माणसांच्या चालीरीती हाही पुराव्याचाच भाग आहे, ही त्यांची पद्धत अशा ठिकाणी उभी राहिली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचे आणि १९६२ मध्ये मिथकांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. वडिलांनी पाली ग्रंथांतून जो बौद्ध काळ वाचला, तो मुलाने पायाखालच्या दगडांतून वाचला.

गणितातले दिवस मात्र बिघडत गेले. भाभांशी त्यांचे मतभेद वाढले. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा, असे ते उघडपणे सांगत. १९६० मध्ये पुण्यात दिलेल्या भाषणातही त्यांनी हीच बाजू मांडली. देशाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख भाभा होते आणि कोसंबी त्यांच्याच संस्थेत नोकरीला होते. त्यातच १९५९ मध्ये त्यांनी रीमानचे गृहीतक या गणितातल्या अतिशय कठीण प्रश्नावर संभाव्यतेच्या मार्गाने निबंध लिहिला आणि तो शेतीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. गणितज्ञांना ती सिद्धता पटली नाही, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. कोसंबींची प्रतिष्ठा त्याने खालावली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्यानंतरचे काही गणिती निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने लिहिले.

त्यांचा स्वभाव तिखट होता, टीका करताना ते हातचे राखत नसत. पण अनेक विषयांत हात घालणारा माणूस कोणत्याच विभागाचा नसतो, ही अडचण केवळ स्वभावाची नव्हती. इतिहासाच्या लोकांना ते गणिताचे वाटत, गणिताच्या लोकांना इतिहासाचे. जनुकशास्त्रज्ञ त्यांचे सूत्र वापरत, पण सूत्राचा कर्ता पुण्यात नाणी तोलतो हे त्यांच्या गावीही नसे. एखादे काम कोणत्या विभागात मोजायचे हे ठरत नसेल, तर ते मोजलेच जात नाही. आपल्या संस्थांची ही खोड अजून गेलेली नाही.

१९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून नेमले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना बसायला जागा मिळाली. दुसऱ्या वर्षी प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे त्यांचे पुस्तक निघाले. २९ जून १९६६ च्या पहाटे पुण्याच्या घरी झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. साठी गाठायला अजून वर्षभर बाकी होते. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून त्यांची प्रकृती ठीक असल्याचे सांगितले होते, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. यात डॉक्टरांची चूक शोधण्यात अर्थ नाही. नाडी, रक्तदाब, छातीचे आवाज ठीक असूनही हृदयाची रक्तवाहिनी काही तासांत बंद पडू शकते, हे आजही खरे आहे. फरक पुढच्या उपचारांत पडला. जगातला पहिला हृदयरोग अतिदक्षता विभाग सुरू होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. फुग्याने हृदयाची रक्तवाहिनी उघडण्याची शस्त्रक्रिया १९७७ मध्ये आली.

टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांच्या नावाचे तिकीट काढले. मुलगी मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या आणि आजोबांचे लेखन त्यांनी इंग्रजीत आणले. गणितात आता तिघांची नावे एकत्र लिहिण्याचा प्रघात हळूहळू पडतो आहे.

जनुकांचे नकाशे करणाऱ्या संगणकप्रणालीत आजही एक प्रश्न विचारला जातो, की अंतर हाल्डेन यांच्या सूत्राने काढायचे की कोसंबींच्या. भात, गहू, टोमॅटो अशा पिकांवर काम करणारे बहुतेक संशोधक दुसरा पर्याय निवडतात. ओझरजवळच्या नारायणगावच्या बाजारात हंगामात टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागते. रोगाला तोंड देणारे टोमॅटोचे नवे वाण शोधताना जे नकाशे वापरतात, त्यांत कोसंबींचे सूत्र असते. त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की मानमोडीचा डोंगर दिसतो.